स्वयंभू अविभाज्य संख्या

१ व ती स्वतः यांखेरीज अन्य कोणत्याही संख्येने निःशेष भाग न जाणारी आणि शिवाय जिला ‘जनक’ नाही अशी १ पेक्षा मोठी संख्या. अविभाज्यतेचा विचार यूक्लिडइतका जुना आहे, जनकाची कल्पना मात्र देवळाली (जि. नाशिक) येथील शाळेतील शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी १९४९ मध्ये मांडली. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली असता येणाऱ्या संख्येची ती जनक होय. उदा., २१ + (२ + १) = २४; म्हणून २१ ही २४ ची जनक. १०१ ला ९१ व १०० अशा दोन जनक आहेत, तर ९७ ला एकही नाही. जनकहीन संख्यांना कापरेकरांनी ‘स्वयंभू’ वा ‘देवळाली’ संख्या म्हटले. १०० पर्यंत त्या १३ असून त्यांपैकी ३, ५, ७, ३१, ५३ व ९७ या अविभाज्य आहेत.

कापरेकरांनी हे सारे हाताने गणित करून शोधले व १९६३ मध्ये देवळालीहूनच पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. अंकांच्या मांडणीवर अवलंबून असणारे गुणधर्म जी. एच्. हार्डी यांनी १९४० मध्येच गौण ठरविले होते, आणि भारतीय गणितज्ञांतही अशा संशोधनाविषयी फारशी आस्था नव्हती. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमध्ये लिहिल्यावर कापरेकरांचे नाव जगभर झाले. तरीही याच संख्यांना पुष्कळ ठिकाणी ‘कोलंबियन संख्या’ म्हणतात, कारण तेथील एका गणितज्ञाने त्या स्वतंत्रपणे मांडल्या होत्या. अग्रमान अर्थातच देवळालीकडे जातो.

हार्डी यांचा आक्षेप तत्त्वतः रास्त आहे. संख्या कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी तिची अविभाज्यता बदलत नाही. स्वयंभूपणा मात्र दशमान लेखनापुरता असतो. पण म्हणून तो तपासणे क्षुल्लक ठरत नाही. २ चा २,४०,३६,५८३ वा घात उणे १ ही मेर्सेन अविभाज्य संख्या १५ मे २००४ रोजी जॉश फिंडली यांच्या संगणकावर सापडली. तिच्यात ७२,३५,७३३ अंक आहेत. त्या वेळी ज्ञात असलेल्या मेर्सेन अविभाज्य संख्यांपैकी स्वयंभू असणारी ही सर्वांत मोठी, असे ल्यूक पेबडी यांनी ऑक्टोबर २००६ मध्ये दाखविले.

एवढ्या संख्येच्या सर्व संभाव्य जनक कशा तपासाव्यात? इतक्या अंकांची बेरीज फार तर ७२,३५,७३३ × ९ = ६,५१,२१,५९७ होईल. म्हणजे जनक असलीच तर ती मूळ संख्येच्या खाली एवढ्याच अंतरात असली पाहिजे. या पट्ट्यात शेवटचे आठ अंक बदलतात. त्यांच्या आधीचे लक्षावधी अंक एक तर तसेच राहतात, किंवा एकदाच हातचा घेतल्याने त्यांच्यापासून बनलेली संख्या १ ने कमी होते. त्यांची बेरीज दोनदा काढली की काम भागते. शिवाय संख्या व तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागता बाकी सारखीच उरते. त्यामुळे जनकेच्या दुपटीची बाकी दिलेल्या संख्येच्या बाकीएवढी असली पाहिजे. येथे ती १ आहे. तेव्हा जनकेची बाकी ५ च हवी. अशा रीतीने नवांपैकी आठ संख्या आधीच गळतात व सु. ७२ लक्ष उरतात. त्यांपैकी एकही जनक ठरत नाही.