चाकाच्या पोटातील ब्रेक

खानदेश म्हणजे काठ उंच असलेली एक मोठी परात होय. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेस सह्याद्रीचे फाटे; पूर्वेची वाट सोडली तर ह्या परातीतून बाहेर पडणाऱ्यास कोठे ना कोठे घाट चढावाच लागतो. धुळ्याहून इंदूरकडे निघालेल्यास पळासनेरपुढे बिजासनचा घाट, सुरतेकडे जाणाऱ्यास कोंडाईबारी, चाळीसगावाहून कन्नडला जाणाऱ्यास औट्रम घाट आणि जळगावाहून छत्रपती संभाजीनगरास जाणाऱ्यास अजिंठ्याचा घाट. चढताना सारा भार इंजिनावर असतो. परतताना तोच भार ब्रेकावर येतो. ४ जुलै २०२३ रोजी पळासनेर येथे मालाने भरलेल्या एका ट्रकाने पुढील वाहनांना धडक दिली आणि तो रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला. किमान दहा माणसे दगावली. ब्रेक निकामी झाले होते, असे त्या वेळी सांगण्यात आले.

ब्रेक गाडी थांबवतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो गतीची उष्णता करतो, आणि ती उष्णता कोठे ठेवावी हाच त्याचा जन्माचा प्रश्न आहे. एक हजार किलोग्रॅम वजनाची गाडी तीनशे मीटर खाली उतरली आणि सारा वेग ब्रेकानेच आवरला, तर त्यातून निघणाऱ्या उष्णतेने सुमारे नऊ लिटर पाणी उकळीस येईल. स्नानास पुरेल एवढे हे कढत पाणी चार चाकांच्या पोटात, हाताच्या पंजाएवढ्या लायनरांनी निर्माण करावयाचे असते. आणि वैशाखात जळगावास बाहेरची हवाच पंचेचाळीस अंशांच्या घरात गेलेली असते, तेव्हा लोखंडाने ही उष्णता द्यावी तरी कोणास?

ब्रेक चाकाच्या पोटात गेला कसा, ही गोष्टही मनोरंजक आहे. बैलगाडी वा घोडागाडी घाट उतरताना चाकाच्या लोखंडी धावेवर लाकडाचा ठोकळा दाबून तिला आवरीत, आणि आरंभीच्या मोटारींनीही हीच युक्ती उचलली. १८८८ साली बर्था बेन्झ ही बाई पतीने बनविलेली गाडी घेऊन मानहाइमहून प्फोर्झहाइमला गेली. वाटेत लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यांवर कातडे मारवून घेतले. ब्रेकाच्या लायनरचा जन्म हा असा एका चांभाराच्या हातून झाला, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे हवेने भरलेले रबरी टायर आले आणि ठोकळ्याचा धंदा बसला. कारण रबरावर ठोकळा घासला की रबरच फाटते. म्हणून ब्रेकाने चाकाच्या परिघाचा मोकळा पैस सोडला आणि तो तुंब्याजवळच्या अंधारात शिरला. १९०२ साली फ्रान्सात लुई रेनो ह्याने आतून फाकणाऱ्या जोड्यांचा ड्रम-ब्रेक पुढे आणला. त्याच साली इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर ह्याने डिस्क-ब्रेकाचे पेटंट घेतले. डिस्कचा विचार ड्रमएवढाच जुना आहे. परंतु त्याच्या तांब्याच्या घर्षणपट्ट्या किंचाळत, लवकर झिजत, म्हणून पन्नास वर्षे ड्रमचेच राज्य चालले.

एकदा आत शिरल्यावर ब्रेकाचे माप चाक ठरवू लागले. चाके उंच होती तोवर ड्रमही मोठा घालता येई. पुढे गाड्या बुटक्या झाल्या, चाके लहान झाली आणि वेग मात्र वाढत गेला. वेग दुप्पट झाला की ब्रेकाने पचवावयाची उष्णता चौपट होते. इकडे तिच्यासाठी जागा उलट आखडत चालली होती. त्यातच ड्रमचा एक मूळ दोष आहे. तापला की तो प्रसरण पावतो आणि आतल्या जोड्यांपासून दूर पळतो; म्हणजे जेव्हा ब्रेक सर्वाधिक हवा, तेव्हाच पेडल खाली बसते. डिस्क तापली तर पॅडांकडेच सरकते, शिवाय ती उघड्या वाऱ्यात फिरते. १९५३ साली फ्रान्सातील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत हे जगास दिसले. तेथील सरळ रस्ता सुमारे सहा किलोमीटर लांबीचा, आणि त्याच्या टोकास एकदम वळण. इतर चालक ड्रम जपण्यासाठी लवकर वेग उतरवीत. डंलपच्या डिस्क लावलेल्या जग्वार सी-टाइप गाड्या मात्र उशिरापर्यंत वेगात येत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन ह्यांनी ती शर्यत ताशी सुमारे १७० किलोमीटरच्या सरासरीने जिंकली.

हे वारे आपल्याकडे पोहोचावयास वेळ लागला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११००-डी तयार होऊ लागली. पुढे ‘पद्मिनी’ म्हणून तिला घरोघर ओळखू लागले. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, चौदा इंची पत्र्याची चाके आणि चारही चाकांत ड्रम. इटलीत हिच्याच भावंडास, ११००-आर ह्या गाडीस, १९६६ साली पुढे डिस्क मिळाल्या. त्याच वर्षी निघालेल्या फियाट १२४ ला तर चारही चाकांत डिस्क होत्या. तेरा इंची चाकात २२७ मिलिमीटरची डिस्क सुखाने बसत असे. कुर्ल्याच्या फियाटीवर मात्र दीर्घ काळ ड्रमच राहिले, आणि आपल्या शर्यतबाजांनी व हौशी लोकांनी ह्याच गाडीच्या इंजिनातून जास्तीत जास्त जोर काढला. इंजिन तरुण झाले, ब्रेक म्हातारेच राहिले!

म्हणून मोठे ब्रेक घालण्याची हौस हा केवळ षोक नव्हे. पण हौशी माणूस एक अट घालतो: चाके कारखान्याचीच हवीत. मूळ चाक आणि त्यावरची चकचकीत टोपी गेली, तर जुन्या गाडीचे रूपच गेले, असे त्यास वाटते. आणि त्यात खोटे काही नाही. मग पुन्हा जुनाच प्रश्न उभा राहतो. चौदा इंच म्हणजे ३५६ मिलिमीटर, हे माप टायर बसतो त्या कडेचे. आत रिमची खोल खाच आणि कॅलिपरची जाडी वजा जाता २६० मिलिमीटरच्या आसपास डिस्क बसली तरी पुष्कळ झाले. बहुधा अडचण डिस्कची नसतेच. कॅलिपरची पाठ चाकाच्या पत्र्यास घासते. तेथे कित्येक मिस्तरी कानस घेऊन कॅलिपरच तासतात, किंवा चाकामागे जाड चकती घालून ते बाहेर ढकलतात. पहिल्याने कॅलिपर अशक्त होतो, दुसऱ्याने बोल्टांना आटे कमी मिळतात व बेअरिंगांवर ताण पडतो. दोन्ही टाळावे. त्याच निर्मात्याच्या जड गाडीचा ब्रेक, ज्यावर तेवढेच चाक कारखान्यातून येत असे, तो शोधणे हाच शहाणा मार्ग.

ड्रमच्या जागी डिस्क आली की मागील साखळीही बदलावी लागते. ड्रममधला एक जोडा फिरत्या चाकाबरोबर आपणच ओढला जाऊन अधिक दाबतो. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही, म्हणून पेडल जड लागते आणि बूस्टरची गरज पडते. ड्रमच्या मास्टर सिलिंडरात नळीत थोडा दाब राखणारी झडप असते. ती तशीच राहिली तर पॅड डिस्कला घासत राहून सपाट रस्त्यावरही तापतात. कॅलिपरचे दट्टे मोठे असल्याने तेलही अधिक लागते, आणि लहान मास्टर सिलिंडर ते पुरवू शकत नाही. पुढचे ब्रेक फारच बळकट केले तर मागचे आळशी होतात. उलट मागचे आधी अडकले तर गाडी गर्रकन फिरते. मोठ्या ब्रेकाने एका झटक्यात थांबण्याचे अंतर फारसे घटत नाही, कारण शेवटी थांबवतो तो टायर. लाभ होतो तो दहाव्या वळणावर, जेथे जुना ड्रम हात टेकतो. कायद्याचाही विचार करावा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा फेरफार करू देत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकच लावला.

ब्रेक ऑईलकडे तर कोणाचे लक्षच नसते. ते हवेतील पाणी शोषून घेते. डॉट-३ जातीचे कोरे तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर १४० अंशांतच उकळू लागते. त्याच्या वाफेचे बुडबुडे दाबले जातात, ब्रेक दाबला जात नाही. डिस्क कितीही मोठी असो, तेल जुने असेल तर औट्रम घाटाच्या मध्यावर पेडल जमिनीस टेकेल.

जाणता कारागीर नवा कॅलिपर बसविल्यावर त्याच्या पाठीवर मऊ मातीची लहान गोळी चिकटवितो, चाक चढवितो, हाताने एक फेरा देतो आणि पुन्हा उतरवितो. चेपलेल्या गोळीची जाडी म्हणजे उरलेली फट. ती तीन मिलिमीटरहून कमी भरली तर तो काम तेथेच थांबवितो, कारण तापल्यावर सारेच थोडे फुगते.