फणसाचे गरे आणि मंत्रिपदाचा राजीनामा : पेण-रोह्याच्या मुलांना सांगायच्या गोष्टी

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो. शिखरावर महाराज, बुरुजांवर मावळे, आणि पायथ्याशी शेतकरी, भाजीवाली, गवळण. किल्ला रचणाऱ्या पोराला पायथ्याची ही माणसे हवी असतात, त्यांच्यावाचून त्याचा किल्ला ओकाबोका दिसतो. आपण मुलांना थोर पुरुषांच्या ज्या गोष्टी सांगतो त्यांत मात्र हा पायथा सहसा नसतो. लढणारा, जिंकणारा, पहिला येणारा पुरुष तेवढा उरतो. बाकीच्यांच्या वाट्याला भिंतीवरची तसबीर आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकातली एक ओळ येते.

रायगड जिल्ह्यातले पेण आणि रोहा हे शेजारशेजारचे तालुके या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. या एवढ्याशा टापूशी जन्माचे वा घराण्याचे नाते असलेल्या तिघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला : 1958 साली विनोबा भावे, 1959 साली चिंतामणराव देशमुख आणि 1996 साली पांडुरंगशास्त्री आठवले. तिघांची आयुष्ये इतकी वेगळी, की एकाचा कित्ता गिरवायचा तर दुसऱ्याचा सोडावा लागतो. मुलांना या गोष्टी सांगण्याचे खरे कारण हेच आहे.

विनोबांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, 11 सप्टेंबर 1895 चा. त्यांच्या बालपणीची फणसाची आठवण पाच वर्षांच्या मुलालाही कळेल अशी आहे. परसातला फणस पिकला की आई गरे काढून द्रोण भरी आणि ते घरोघर पोचवायला लहानग्या विन्याला धाडी. सगळ्या शेजाऱ्यांना पोचल्यावर त्याच्या हातावर गरे पडत. आधी द्यायचे, मग खायचे, हा त्या घरचा शिरस्ता. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदानाचा आरंभ झाला आणि त्यानंतरची तेरा वर्षे विनोबा जमीन मागत देशभर पायी हिंडले. या साऱ्याच्या मुळाशी आईची शिकवण आहे, असे ते स्वतः सांगत. संस्कृत गीता आपल्याला कळत नाही, तूच मराठीत का लिहीत नाहीस, असे आईने म्हटले होते. ती 1918 साली गेली, ‘गीताई’ 1932 साली छापून आली. एका मोठ्या पुरुषाने आपले थोरपण आईच्या पदरात घालावे, ही गोष्ट मुलग्यांच्या कानावर लवकर पडायला हवी.

चिंतामणराव विनोबांहून अवघ्या चार महिन्यांनी लहान. जन्म 14 जानेवारी 1896 चा, महाडजवळच्या नाते गावी, पण घराणे रोह्याचे आणि बालपणही रोह्यातले. 1912 साली मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली आणि पुढे केंब्रिजला जाऊन आयसीएसलाही पहिले आले. तिकडे विनोबांनी 1916 साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघण्यापूर्वी आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली, वाटेत सुरतेला गाडी सोडली आणि काशी गाठली. एकाने प्रमाणपत्रे मिळवली, दुसऱ्याने जाळली. यातला शहाणा कोण, असे मुलाने विचारले तर घाईने उत्तर देऊ नये. दोघांनाही संस्कृतचे वेड होते, हे मात्र जरूर सांगावे. चिंतामणरावांनी ‘मेघदूत’ मराठीत आणले आणि गांधीजींची शंभर वचने संस्कृत श्लोकांत बांधली.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, ही त्यांची नेहमीची ओळख. लहान मुलाला त्यातून काय कळणार? त्यापेक्षा हे सांगावे की या माणसाने केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचे बक्षीस मिळवले होते आणि बागकाम हा त्याचा आवडता विरंगुळा होता. 1952 साली कुलाबा जिल्ह्याने, म्हणजे आजच्या रायगडाने, त्यांना लोकसभेत पाठवले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जात आहे आणि तिथल्या गोळीबाराची चौकशीही होत नाही, हे पाहून 1956 साली त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. खुर्ची मिळवल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत, ती सोडल्याच्या थोड्या. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई संविधान सभेच्या सदस्य आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष. 1975 साली दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. बायकोच्या कर्तृत्वाने नवरा लहान होत नाही, हे मुलाला यातून आपसूक कळते.

तिसरे पांडुरंगशास्त्री, जन्म 19 ऑक्टोबर 1920, रोहा. त्यांच्या स्वाध्याय परिवारातली ‘मत्स्यगंधा’ ही होडी मुलांना आवडेल. कोळी बांधवांनी आळीपाळीने तिच्यावर जाऊन मासेमारी करायची, पण येणारे उत्पन्न कोणा एकाच्या मालकीचे नाही. होडी सगळ्यांची आणि कोणाचीच नाही, हे कोडे लहान मुलांना घालून पाहावे.

पण पुरस्कार मिळालेल्यांपाशीच थांबलो तर पायथा पुन्हा रिकामा राहील. पेणला लागून असलेल्या उरण तालुक्यातल्या चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रह झाला. जाचक जंगल कायद्याविरुद्ध माणसे अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाली आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होता. कातकरवाडीतून शाळेत येणाऱ्या पोराला आपल्यातल्या माणसाचे नाव धड्यासारखे मानाने घेतलेले ऐकू आले, तर त्याचा बाकावर बसण्याचा डौल बदलेल. पेण, हमरापूर, जोहे इथले मूर्तिकारही या गोष्टींत हवेत. मूर्तीचा साचा एकच असला तरी डोळ्यांची आखणी हातानेच करावी लागते. श्वास रोखून, हलक्या हाताने डोळा आखणारा बाप हासुद्धा मुलाने पाहावा असा पुरुष आहे.

गोष्ट सांगताना माणसाचा देव करू नये. भूदानात मिळालेली बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही. आणीबाणीच्या काळात ‘अनुशासनपर्व’ या शब्दावरून विनोबांवर कठोर टीका झाली. चिंतामणराव 1969 साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक हरले, तिसऱ्या क्रमांकावर राहिले. मुले मोठी होतील तसे हेही सांगत जावे. कधीच न चुकणाऱ्या आणि कधीच न हरणाऱ्या पुरुषांच्या गोष्टी ऐकून वाढलेला मुलगा पहिल्या अपयशाला लाजतो, रडू आले तर लपवतो. ही किंमत मुलगे मोजतात, आणि पुढे त्यांच्याबरोबर राहणारी माणसेही मोजतात.

चिंतामणराव 2 ऑक्टोबर 1982 रोजी गेले. विनोबा त्यानंतर दीड महिन्याने, 15 नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी गेले. चार महिन्यांच्या अंतराने जन्मून दोन टोकांच्या वाटांनी चाललेली ही दोन माणसे. दोघांची गोष्ट एकाच रात्री, एकापाठोपाठ एक सांगावी. यातला मी कोणासारखा होऊ, असे मूल विचारील. त्यावर लगेच काही बोलू नये. त्याला थोडा विचार करू द्यावा.