विश्रांतीकडून हालचालीकडे

'गुडघे झिजलेत, वंगण संपलंय,' हे वाक्य साठी ओलांडलेल्यांच्या तोंडी आपण नेहमी ऐकतो. झीज म्हटली, की सल्लाही ठरलेलाच : कमी चाला, जिना टाळा, बसून राहा. तीस वर्षांपूर्वी माझ्या आईला हाच सल्ला देणाऱ्यांत मीही होतो. माझे डॉक्टरी शिक्षण तेव्हा नुकतेच संपले होते. आईने ऐकले. आधी देऊळ सुटले, मग मंडई. दोन वर्षांत तिला खुर्चीतून उठायला आधार लागू लागला. गुडघा मात्र दुखतच राहिला. हा सल्ला आला कुठून, हे शोधताना हाती लागलेला इतिहास आज सांगायचा आहे.

सांध्यात हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत, लवचिक आवरण असते. त्याला कूर्चा म्हणतात. १७४३ मध्ये विल्यम हंटर या स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञाचा कूर्चेवरील निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला. एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, असे त्यात नोंदवले होते. भरून येत नसेल तर जपावी, हा विचार त्यातून सहजच येतो.

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी या विचाराला शास्त्राचे रूप दिले. दुखऱ्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या नावाची लोखंडी पट्टी आजही रुग्णालयांत दिसते. त्यांना दोष देता येणार नाही. सांध्याचा क्षय तेव्हा सर्रास आढळे आणि त्यावर औषध नव्हते. सांधा स्थिर ठेवणे हाच काय तो उपाय होता. पुढे क्षयावर औषधे आली, पण विश्रांतीचा सल्ला मात्र मागे राहिला.

याच काळात पॅरिसचे शल्यविशारद ल्युका-शांपियोनिएर मोडलेल्या हाडांनाही मालीश आणि हालचाल द्यावी, असे सांगत होते. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. दुसऱ्या महायुद्धात मात्र गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांनी रुग्णालये भरली. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरने पायाला वजने बांधून मांडीचे स्नायू बळकट करण्याचा प्रयोग केला. वजन हळूहळू वाढवत न्यायचे, ही त्याची रीत. १९४५ मध्ये त्याने ती प्रसिद्ध केली. आजच्या व्यायामोपचारांत तीच रीत वापरली जाते.

आपल्याकडे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, मुंबईच्या केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले.

पण हालचालीने कूर्चेचे नेमके काय होते? मोठ्या माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते. ओला स्पंज दाबला की पाणी बाहेर येते, सोडला की आत शिरते. चालताना कूर्चेचे असेच काहीसे होते. सांधा निपचित ठेवला, की तिची उपासमार होते.

टोरांटोच्या बालरुग्णालयातील डॉ. रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० पासून सशांवर प्रयोग केले. गुडघ्याच्या कूर्चेला बारीक छिद्रे पाडून काही सशांचे पाय बांधून ठेवले, काहींना पिंजऱ्यात मोकळे सोडले आणि काहींचे पाय यंत्राने सतत, हळुवार हलवले. १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्राने हलवलेल्या गुडघ्यांत निम्म्याच्या आसपास छिद्रे चांगल्या कूर्चेने भरली होती; बाकीच्यांत फारच थोडी. माणसांत या यंत्राला इतके यश आले नाही. गुडघा बदलल्यानंतर त्याचा फारसा लाभ होत नाही, असे पुढे चाचण्यांत दिसले. पण जखमी कूर्चेला हालचाल मारक असते, ही समजूत ढासळली.

२००२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनमध्ये झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रुग्णांवरील चाचणी गाजली. काहींचा गुडघा दुर्बिणीने साफ केला, काहींचा नुसता धुतला, तर काहींच्या त्वचेवर फक्त छेद दिले. तिन्ही गटांत फरक दिसला नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून अशा रुग्णांसाठी माहितीचे वर्ग आणि देखरेखीखाली व्यायामाची बारा सत्रे, असा कार्यक्रम राबवला जातो.

व्यायामाने झिजलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. हंटरचे निरीक्षण आजही बव्हंशी खरे आहे. पण स्नायू बळकट झाले की सांध्याला आधार मिळतो, वेदना कमी होते, माणूस हिंडता-फिरता राहतो. गुडघा एकाएकी सुजला, अडकला किंवा नुकताच दुखावला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. कूर्चेवर शस्त्रक्रिया झाली असल्यास पायावर भार कधी आणि किती द्यायचा, हेही त्यांनाच विचारावे.

पुढे एका भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंनी आईला खुर्चीत बसून पाय सरळ धरायला शिकवले; मग हाताचा आधार न घेता उठायला. पहिले काही आठवडे ती कुरकुरत होती. दुखणे पूर्ण गेले नाही. पण पाचव्या-सहाव्या महिन्यात एके सकाळी पिशवी घेऊन ती मंडईत गेली, आणि परत आल्यावर मला म्हणाली, 'हे आधीच का नाही सांगितलंस रे?' माझ्याकडे उत्तर नव्हते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)