आयुर्वेदिक औषधाला परवाना मिळतो म्हणजे नेमकं काय तपासलं जातं?

‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट होत नाही.’ व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या काढ्या-चूर्णांच्या मेसेजमध्ये हे वाक्य हमखास असतं. सोबत ‘सरकारमान्य’ असंही लिहिलेलं असतं. या मान्यतेचा अर्थ काय?

परवाना कोण देतं?

आयुर्वेदिक औषधं 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात. उत्पादनाचा परवाना राज्य सरकारची यंत्रणा देते. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन (एफडीए) करतं. नव्या ॲलोपॅथिक औषधाला मात्र केंद्राची मंजुरी लागते आणि त्याआधी माणसांवर टप्प्याटप्प्याने चाचण्या घ्याव्या लागतात.

कायद्यात आयुर्वेदिक औषधांचे दोन मुख्य प्रकार आहेत.

1. शास्त्रोक्त औषधं: चरकसंहिता, भैषज्यरत्नावली अशा, कायद्याच्या यादीतल्या ग्रंथांमधल्या पाठाप्रमाणे बनवलेली. उदाहरणार्थ, त्रिफळा चूर्ण, च्यवनप्राश.

2. प्रोप्रायटरी औषधं: घटक ग्रंथांतले, पण मिश्रण कंपनीचं स्वतःचं.

2010 मध्ये आलेल्या नियम 158-ब नुसार, शास्त्रोक्त औषध ग्रंथात सांगितलेल्याच आजारासाठी विकायचं असेल तर सुरक्षिततेचा वेगळा अभ्यास लागत नाही. ग्रंथातला उल्लेख हाच आधार मानला जातो. प्रोप्रायटरी औषधासाठी प्रकाशित साहित्य आणि छोटा प्राथमिक अभ्यास अपेक्षित असतो. म्हणजेच परवाना हा कारखाना, घटक आणि पाठ यांच्याशी जोडलेला असतो. मोठ्या चाचणीत गुण सिद्ध झाला, असा त्याचा अर्थ होत नाही.

मग वनस्पतींमध्ये गुण नसतो का?

असतो, आणि तो तपासून दाखवता येतो. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. त्यानंतर जगभरात या मुळीकडे लक्ष गेलं. 1952 मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं आणि पुढे अनेक वर्षं ते रक्तदाबावर वापरलं गेलं. पण नैराश्यासारखे दुष्परिणामही दिसले आणि अधिक सुरक्षित औषधं आल्यावर त्याचा वापर घटला. जे शरीरावर परिणाम करतं, ते दुष्परिणामही करू शकतं. मग ते मुळीतून येवो वा गोळीतून.

गुळवेलीचा वाद काय होता?

कोरोनाच्या काळात ‘इम्युनिटी’साठी घरोघरी गुळवेलीचा काढा उकळू लागला. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 दरम्यान मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. 2021 मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: वापरलेली वनस्पती खरी गुळवेलच होती, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे तपासलं नव्हतं. 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांमधल्या 43 रुग्णांचा अभ्यास आला. त्यातल्या बऱ्याच रुग्णांमध्ये ऑटोइम्युन आजाराची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणं होती. मंत्रालय मात्र गुळवेल सुरक्षित असल्याच्या भूमिकेवर कायम राहिलं.

अशा अहवालांवरून किती जणांनी गुळवेल घेतली आणि त्यातल्या किती जणांना त्रास झाला, हे प्रमाण कळत नाही. पण धोका शून्य आहे, असंही म्हणता येत नाही.

धातूंचं काय?

2008 मध्ये ‘जामा’ या नियतकालिकातल्या अभ्यासात इंटरनेटवरून विकत घेतलेली 193 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली गेली. सुमारे 21 टक्क्यांमध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. अमेरिकेत बनलेल्या आणि भारतात बनलेल्या उत्पादनांमध्ये हे प्रमाण जवळपास सारखंच होतं. धातू मुद्दाम वापरल्या जाणाऱ्या रसौषधींमध्ये ते जास्त, सुमारे 41 टक्के होतं.

जाहिरातीत काय चालत नाही?

1954 च्या जादूटोणासदृश उपाय व आक्षेपार्ह जाहिरातींविरोधी कायद्यात 54 आजार-विकारांची यादी आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा, मूतखडा हे त्यात आहेत. ते बरे करण्याचा दावा औषधाच्या जाहिरातीत करता येत नाही, पॅथी कोणतीही असो. त्यामुळे ‘शुगर मुळापासून संपवा’ ही जाहिरातच बेकायदेशीर ठरते.

औषध घेण्यापूर्वी काय पाहावं?

– लेबलवर ‘आयुर्वेदिक औषध’ असा उल्लेख, परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटक आणि मुदतीची तारीख आहे का?
– वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना आहे का? बचनाग, धोत्रा, भिलावा, पारा असे विषारी घटक असलेल्या पोटात घ्यायच्या औषधांवर ती बंधनकारक आहे.
– गर्भवती, स्तनदा माता, यकृत किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण आणि रोजच्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना सगळी औषधं सांगावीत, काढासुद्धा.
– डोळे-लघवी पिवळी होणं, सतत मळमळ, अंगाला खाज अशी लक्षणं दिसली तर औषध थांबवून तपासणी करावी. उरलेलं औषध फेकू नये. ते डॉक्टरांना दाखवावं.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची चालू गोळी फॉरवर्ड वाचून बंद करणं हा यातला सगळ्यात मोठा धोका आहे. काढ्याचा दुष्परिणाम झाला नाही, तरी थांबवलेल्या गोळीचा होऊ शकतो.