मालवाहू नदीवरची हौसेची होडी

तारकर्ली-देवबागला डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होडीच्या मागच्या फळीवर जे मशीन टांगलेलं असतं, ते होडीचा भाग नसतं. लहान असेल तर दोन स्क्रू सैल करून ते उचलून घरी नेता येतं. होडी आणि इंजिन यांची ही फारकत झाली नसती, तर मोठ्या नदीवर आठवडाभर हौसेने हिंडणं हा श्रीमंतांचाच खेळ राहिला असता. पण नुसत्या इंजिनानेही हे जमलेलं नाही. निदान अमेरिकेतल्या मिसिसिपीवर तरी या हौसेला दुसरा एक आधार मिळाला, आणि तो मालवाहतुकीने दिला, हौसेचा काही विचार न करता.

आधी इंजिनाचं पाहू. गुस्ताव त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने 1881 च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये सेन नदीवर विजेच्या मोटरची होडी चालवली. मोटर सुकाणूवर बसवलेली होती, पंखा सुकाणूतच होता आणि तो सगळा संच काढता येत असे. कल्पना पूर्ण होती, पण बॅटऱ्यांच्या जोरावर लांबचा प्रवास होणार नव्हता. पाच वर्षांनी, 1886 मध्ये, गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीतल्या नेकार नदीवर पेट्रोलचं इंजिन होडीत बसवलं. पेट्रोलचा भडका उडेल अशी लोकांना धास्ती होती. म्हणून होडी विजेवर चालते असा भास व्हावा यासाठी त्यांनी तिच्या कडेने तारा आणि चिनी मातीचे इन्सुलेटर लावले होते, असं सांगतात. हे इंजिन मात्र होडीतच पक्कं बसवलेलं होतं.

अमेरिकेत येल विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या कॅमरन वॉटरमनने मोटरसायकलचं इंजिन दुरुस्त करताना ते खुर्चीच्या पाठीला टांगलं होतं. खुर्चीची पाठ आणि होडीची मागची फळी यांतलं साम्य त्याच्या ध्यानात आलं. 1905 च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, त्याने डेट्रॉइट नदीवर आपलं यंत्र चालवून पाहिलं आणि पुढे हजारोंनी विकलंही.

तरीही हे यंत्र घरोघरी पोचवण्याचं श्रेय मी ओल एव्हिनरूड आणि त्याची बायको बेस या दोघांना देईन. ओल नॉर्वेत जन्मला आणि लहानपणीच विस्कॉन्सिनला आला. हाताने कसबी यंत्रकारागीर. उन्हाळ्यात तळ्याकाठच्या सहलीत बेसला आइस्क्रीम हवं होतं. ओल वल्ही मारत पलीकडच्या काठावर गेला आणि परत येईतो ते वितळून गेलं, ही गोष्ट त्याच्या चरित्रात हटकून येते. गोष्ट काहीही असो, 1909 मध्ये त्याने विकायला काढलेलं यंत्र दीड अश्वशक्तीचं होतं आणि 28 किलो भरत होतं. पत्रव्यवहार आणि जाहिरात बेस सांभाळायची. वल्ही फेकून द्या, असं तिने लोकांना सांगितलं. सुरुवातीच्या मोठ्या मागण्यांमध्ये स्कँडिनेव्हियातल्या मच्छीमारांच्या होत्या. म्हणजे हे यंत्र पोटापाण्याच्या कामालाही लागलं. बेसच्या आजारपणामुळे ओलने 1914 मध्ये धंदा विकला. पण तो गप्प बसणारा नव्हता. काही वर्षांनी ॲल्युमिनियम वापरून त्याने दोन सिलिंडरचं, दुप्पट ताकदीचं आणि तरी 22 किलोच्या आतलं यंत्र काढलं. एका माणसाने मोटारीतून उतरवून नदीपर्यंत न्यावं, इतकं वजन उतरलं.

आता नदी. जुनी वरची मिसिसिपी कोरड्या उन्हाळ्यात जागोजागी उथळ पडत असे. तळाशी रुतलेली झाडं बोटींची पोटं फाडत. 1878 पासून सरकारी अभियंत्यांनी काठापासून पात्रात दगडांचे आडवे बांध घातले, जेणेकरून प्रवाह मधोमध येऊन स्वतःच तळ खरवडेल. तेवढ्याने भागलं नाही. 1930 मध्ये अमेरिकन संसदेने 9 फूट खोलीचा जलमार्ग मंजूर केला आणि मंदीच्या त्या दशकात एकामागून एक धरणं उभी राहिली. मिनियापोलिस ते सेंट लुईस नदीच्या पायऱ्या झाल्या. प्रत्येक पायरीवर फुगवट्याचं संथ पाणी, आणि खाली उतरायला लॉक: दोन बाजूंना दरवाजे असलेला हौद, ज्यातलं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारावर भरतं आणि रिकामं होतं.

हे सगळं धान्याच्या आणि कोळशाच्या बार्जसाठी. पण फुगवट्याचं पाणी लहान होडीलाही तितकंच सोयीचं. जलमार्ग खोल ठेवायला उपसलेली वाळू बेटांच्या कडेला टाकली गेली आणि तिथे पुळणी तयार झाल्या. आज उन्हाळ्यात होडीवाले त्यांवरच तंबू ठोकतात. माझ्या मते या हौसेची खरी जन्मकथा इथे आहे.

जुने दगडी बांध मात्र तसेच राहिले, आता पाण्याखाली. बोयांची हद्द सोडून काठाकडे वळलेल्या होडीचा पंखा त्यांवर आपटतो. म्हणून जुन्या लहान मशीनमध्ये पंखा आणि दांडा यांच्यामध्ये मऊ धातूची एक पिन घालत. धक्का बसला की ती तुटायची आणि गिअर वाचायचे. नदीवर हिंडणारा माणूस दोन-चार जादा पिना आणि पक्कड जवळ ठेवल्याशिवाय निघत नसे.

लॉकमध्ये हौशी होडीचा नंबर शेवटचा. काठावरची दोरी ओढून वर्दी द्यायची आणि हिरव्या दिव्याची वाट पाहायची. 15 बार्जचा तांडा आला तर तो 600 फुटी हौदात एका दमात मावत नाही. तो तोडून दोन खेपांत न्यावा लागतो, त्यात दीड-दोन तास जातात. आत शिरल्यावर भिंतीवरून सोडलेला दोर हातात धरायचा, बांधायचा कधीच नाही. बांधलेली होडी पाणी उतरताच लटकेल. पैसे पडत नाहीत. इंग्रज लेखक जोनाथन रेबन 1979 मध्ये 16 फुटी ॲल्युमिनियमच्या होडीला 15 अश्वशक्तीचं मशीन लावून याच वाटेने खाली गेला, त्यावर त्याचं पुस्तक आहे. सेंट लुईसच्या खाली नदी मोकळी होते: लॉक नाहीत, तांडे दुपटीने मोठे, आणि पेट्रोल मिळण्याची ठिकाणं फार लांब लांब. नवख्याने तिथे एकट्याने जाऊ नये.

मालवाहतुकीचं हे देणं किती कच्चं आहे, ते मिनियापोलिसला कळलं. तिथल्या सेंट अँथनी धबधब्यापाशी 1963 मध्ये सुमारे 49 फूट उताराचं लॉक सुरू झालं होतं. परकी कार्प मासे वरच्या पाण्यात शिरू नयेत म्हणून जून 2015 मध्ये ते कायद्याने बंद करण्यात आलं. वरच्या अंगाला जाणारी बार्जची वाहतूक तोवर बरीच घटली होती. बार्ज थांबल्या, त्यांच्यासोबत हौशी होड्याही. आता वरून येणाऱ्याला तिथे होडी पाण्याबाहेर काढावी लागते, मशीन उतरवून गाडीत टाकावं लागतं आणि धबधब्याच्या खाली पुन्हा नदीत उतरावं लागतं.