राणे, रामा राघोबा : स्मारक व्यक्तिचित्र
राष्ट्रपती भवनात १६ डिसेंबर २०२५ रोजी खुल्या झालेल्या परमवीर दीर्घेत परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांची व्यक्तिचित्रे आहेत. त्यांत बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राणे (१९१८–१९९४) आहेत. पूर्वी याच जागी ब्रिटिश एडीसींची (परिसहायक अधिकाऱ्यांची) चित्रे होती, म्हणून हा बदल केवळ सजावटीचा नाही. एप्रिल १९४८ मध्ये सलग चार दिवस नौशेरा–राजौरी मार्गावर जखमी असतानाही राण्यांनी सुरुंग काढले, अडथळे दूर केले आणि रणगाड्यांना वाट करून दिली. शांत मुद्रेच्या चित्रात हे दिसत नाही, युद्धदृश्यच हवे होते, असा आक्षेप घेता येईल. तो अर्धाच खरा आहे. युद्धदृश्यात माणूस धुरात हरवतो, चेहऱ्याने तो परत मिळतो. सुरुंग काढणाऱ्याचे काम तर मुळातच दृष्टीआड राहणारे. म्हणून चित्राखाली त्या चार दिवसांची हकीकत सविस्तर हवी.