कानपूर येथील संगणकविद्या व शाखानिवडीचा प्रश्न

अभियांत्रिकी की संगणकविद्या, हा विद्यार्थ्यांपुढील पेच फारसा जुना नाही. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६३ साली आय. बी. एम. १६२० हे यंत्र आले व त्याच वर्षी संगणकाचे अध्यापन सुरू झाले. पदवी मात्र विद्युत्, यांत्रिकी, स्थापत्य अशा प्रस्थापित शाखांचीच मिळे. संगणकाची ओढ असलेल्यास ती परक्या शाखेच्या आश्रयानेच भागवावी लागे. तेव्हा पदवीपत्रावरील शाखेवरून त्या काळच्या विद्यार्थ्याचा कल ठरवू पाहणारा इतिहासकार सहज फसेल. पुढील क्रमही आधी कळस, मग पाया असाच. १९७१ साली पदव्युत्तर व संशोधन पदव्यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम निघाला. प्रथम पदवीचा, म्हणजे खऱ्या निवडीचा, १९७८ साली. त्याची पहिली तुकडी १९८३ साली बाहेर पडली, आणि विभागाची रीतसर स्थापना त्यानंतर, १९८४ साली झाली.